चालवून घेतलेल्या मोटरी

आरमोरीत मी राहते त्या गल्लीत सकाळ झाली की घराघरांतून एक आवाज येतो. उघड्या मांडीवर तळहात घासल्याचा. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी भिंतीला पोतेरं फिरवतंय. सकाळीच कसलं एवढं सारवण, म्हणून एकदा शेजारच्या दारातून डोकावले, तर बाई लुगडं वर खोचून बसलेली, पुढ्यात उकडलेले कोसे, आणि हात मांडीवरून पुढं-मागं, पुढं-मागं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पाहून का राह्यली? मांडी नाई पायली का कोणाची?"

कोसा म्हणजे जंगलातलं रेशीम. ऐनाच्या झाडावर अळी कोष करते, ढिवर लोक ते कोष गोळा करून आणतात, बायका सोड्याच्या पाण्यात उकडतात. मग चार-पाच कोशांचे तंतू एकत्र धरायचे, मांडीवर थोडी राख लावायची, आणि तळव्यानं पीळ देत देत सूत ओढायचं. एका हातानं पीळ, दुसऱ्या हातानं लाकडी फिरकीवर गुंडाळायचं. नागपूर-मुंबईच्या दुकानांत ज्या साडीची किंमत ऐकून माणूस मागं सरतो, तिचं सूत असं कुणाच्या तरी मांडीवरून आलेलं असतं. मांडीवर त्याची खूण राहते. तळहाताएवढा चट्टा, केस गेलेला, गुळगुळीत, चिंचोक्यासारखा चकाकणारा. गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला तो आहे.

आमच्या बाईला तो दोन्ही मांड्यांवर होता.

आमची बाई असं मी म्हणते, पण ती माझी कुणी नाही. ती घरमालकीण. माझं गाव कोकणात, देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीवर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी सातवीत होते, शाळा तिथंच संपली. लग्न झालं ते पुलाच्या ठेकेदाराकडं मशीन चालवणाऱ्या माणसाशी. काम जाईल तिथं त्याच्यामागं मी. वैनगंगेवरच्या कामासाठी इकडं आलो आणि बाईच्या घराची एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच पावसाळ्यात त्याला मलेरिया झाला, डोक्यात चढला आणि तो गेला. ठेकेदाराची माणसं पुढच्या कामावर निघून गेली. भावाला फोन केला तर वहिनी म्हणाली, "थंयच बघा काय जमता तां." मी खोलीतलं सामान बांधून उंबऱ्यावर बसले होते. कुठं जायचं हे ठरलं नव्हतं, पण भाडं न देता राहायचं नाही एवढं कळत होतं.

बाई फिरकी हातात घेऊन बाहेर आली.

"कुठी चालली?"

"माहीत नाही."

"माहीत नाई तं बसून काऊन राह्यली ऊन्हात? अंदर ये. भिंतीले का जड होते का तू?"

झालं ते एवढंच. त्याच्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी मात्र रोज मनात बोलते. माझा स्वभाव मुळात भित्रा. कडी लागली का हे दोनदा पाहणारी, कुणी मोठ्यानं बोललं की आपलंच काही चुकलं असं धरून चालणारी. आजही सकाळी उठले की अंथरूण घडी घालून अगदी कोपऱ्यात सारते. जागा जास्त व्यापू नये असं वाटतं. बाई त्यावरून चिडवते, "तू तं पाव्हणीच राहशील मरेपर्यंत."

काम मला चाचांकडं मिळालं. चाचा म्हणजे गडचिरोली रोडवर वर्कशॉप असलेला म्हातारा कारागीर. भद्रावतीला फॅक्टरी कॉलनीच्या बाहेरच्या एका दुकानात मोटरीच्या तारांचं वाइंडिंग शिकलेला, मग इकडं येऊन शेतीच्या मोटरी भरायला लागला. बारीक कामाला बायकांची बोटं बरी म्हणून त्यांनी मला ठेवलं. माझ्या आधी दोघी होत्या, त्या लग्न होऊन गेल्या. चाचांनीच कोसा ओढायची मशीन बनवायला घेतली होती. लोखंडी पाट, त्यावर सूत पिळणारी चाती, खाली छोटी गिअरची मोटर, आणि सोलरच्या बॅटरीवर चालणारी. बाईनं नुसते तंतू जोडून द्यायचे, पीळ मशीन देणार. मांडीचं काम नाही.

चाचांची स्वतःची बहीण मांडीवर सूत ओढणाऱ्या बायकांकडून कोसा घेऊन विकायची. त्यामुळं त्यांना ते चट्टे माहीत होते. एरवी बायकांच्या मांडीचा विषय ते कधी काढत नसत, पण मशीन पाहायला आलेल्या बचत गटाच्या बायकांना म्हणायचे, "तुमचं कातडं तुमच्यापाशी ठेवा, सूत मशीन देईन."

अडचण मोटरीची होती. बाजारात मिळते ती एक तर फार जोरात फिरायची, तंतू तटातट तुटायचे, नाही तर तापायची. मुलचेऱ्याकडच्या गटाला दिलेल्या पहिल्या मशिनी उन्हाळ्यातच जळाल्या. बायकांनी त्या वर्कशॉपच्या दारात आणून ठेवल्या आणि निघून गेल्या. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी जळक्या मोटरी एकेक उघडून मला दाखवल्या. मोटरीच्या आत कार्बनचे दोन तुकडे असतात, फिरत्या भागाला घासत वीज पोचवतात. कोऱ्या मोटरीत ते तुकडे नुसत्या कडेनं टेकतात. टेकतात तिथं ठिणगी, ठिणगी तिथं जळणं.

"पाय बेटी. नवीन चप्पल पायाले चावते ना? तसं. पहिले थोडी चालवा लागते. मंग ते बसते."

तेव्हापासून वर्कशॉपचा नियम झाला. कोरी मोटर बाईच्या हाती द्यायची नाही. आधी चाकाला दोरी आवळून, ओझं टाकून दिवसभर चालवायची, मग उघडून काजळी पुसायची, मगच मशीनला बसवायची. ते काम माझं. ज्या मोटरी मी अशा चालवून दिल्या त्यातली एकही जळून परत आली नाही, हे मी इथं लिहिते कारण पुढं त्याच गोष्टीनं घात केला.

मग चाचांनी ठरवलं, हव्या त्या वेगाची मोटर थेट परदेशातून मागवायची. त्यांनी आयातीचा क्रमांक काढला, नागपूरचा एक कस्टमचा एजंट गाठला. माल जास्त होता. एवढ्या मोटरी आपण कधी चालवून काढणार, म्हणून चाचांनी तिकडच्या कारखान्याला कळवलं की पाठवण्याआधी एकेक मोटर दिवसभर ओझ्यावर चालवा. कारखान्यानं मान्य केलं, व्हिडिओसुद्धा पाठवला. लांबलचक टेबलावर रांगेनं मोटरी घुमताहेत. चाचा तो व्हिडिओ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पानटपरीवाल्यालाही दाखवला.

नेमकं तेव्हाच बाईची उजवी मांडी फुटली.

गुडघ्याच्या जरा वर, चट्ट्याच्या खालच्या कडेला. आधी चीर होती, मग तिला कोशाचं सोड्याचं पाणी लागत राहिलं, मग ती ओली झाली. बाईला साखर आहे हे आम्हाला गडचिरोलीच्या दवाखान्यात कळलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं बाईला नाही, मला सांगितलं, "हे घासणं आजपासून बंद. साखरेत जखम भरत नाही. पाय जाईल."

परतीच्या एसटीत बाई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "बंद करा म्हणे. त्याचं बरं हाय, त्याचं सूत कलमेतून निंगते."

"मी कमावते ना बाई. दोघींपुरतं होतं."

"मी तुया घरात राह्यतो का तू माया घरात?"

इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असं बोलतात. आधी मला ते ऐकून हसू यायचं. पण त्या दिवशी तिचं 'मी राह्यतो' ऐकलं आणि घराचं सगळं ओझं ज्याच्यावर आहे असं कुणी बोलतंय असं वाटलं.

चाचांना कळलं तेव्हा ते घरी आले. दारातच उभे राहिले, बसले नाहीत. "बाई, मोटरी जहाजात हायत. आल्या की पहिली मशीन तुमची. तोपर्यंत हात नोका लावू."

"बरं," बाई म्हणाली.

मध्यंतरी तिला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर लावून एक मशीन बनवली. ती झटके द्यायची. तंतू तुटून तुटून बाईच्या बोटांना कापलं. पायानं चालवायचं एक जुनं यंत्र होतं, ते तिला त्या पायानं चालेना. शेवटी एका दुपारी मी घरी लवकर आले तर तोच आवाज. बाई पाठमोरी बसलेली.

"बाई!"

"उजवी नाई वो. उजवी राखून ठेवली. डावीवर ओढून राह्यलो."

माल नागपूरला लागला आणि एजंटचा फोन आला की एक शंका निघाली आहे, या. चाचांनी मला सोबत घेतलं, कारण मोटरी हाताळायचं काम माझं. मला नागपूर म्हणजे नुसती भीती. रस्ता ओलांडताना मी चाचांच्या पिशवीचा बंद धरला होता.

एजंट मुलासारखा दिसायचा पण टक्कल पडलेला. त्यानं समजावून सांगितलं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टममध्ये एक नंबर असतो, त्या नंबरावर कर ठरतो, नियम ठरतात. "मोटरीचं घर पंच्याऐंशी-शून्य-एक. घरात खोल्या. साडेसदतीस वॅटपर्यंत ताकदीच्या मोटरी एका खोलीत, त्याच्यावरच्या दुसऱ्या खोल्यांत. आपण लिहून दिलं लहान खोली. पण मोटरीच्या पाटीवर बारा व्होल्ट, चार अँपिअर. गुणाकार केला तर अठ्ठेचाळीस. कस्टमच्या मॅडम विचारून राहिल्या, मोठी मोटर लहान खोलीत कशी?"

"अन् गिअर हाय, ते?"

"गिअर असला तरी मोटरच. उद्या तुम्ही तिला पंप जोडून आणला तर मात्र घरच बदललं."

चाचांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे आमी खोटं लिवलं?"

"नाही काका. पाटीवर आहे ती मोटर खाते किती ते. कस्टमला हवं आहे ती देते किती. खाल्लेलं सगळं थोडीच बाहेर येते? काही तापण्यात जाते, काही गिअरमध्ये जाते."

चाचांचा चेहरा उजळला. "बैलाचं हाय तं मंग! चारा किती खाल्ला ते नोका पाहू, ओढते किती ते पाहा."

कारखान्याकडून चाचणीचा कागद मागवला. त्यात मोटरीच्या दांड्यावर मिळणारी ताकद साडेसदतीसच्या खाली होती. शंका मिटली. एसटीत बसल्यावर चाचांनी मला केळी घेऊन दिली. घरी येऊन मी बाईला हे खाण्या-देण्याचं सांगितलं, तर ती हसली. "सासऱ्याले सांगाले पायजे होतं माया. तो रोज माया ताटातल्या भाकरी मोजे."

त्या आठवड्यात आम्ही दोघी बऱ्या होतो. बाईनं मला विचारलंसुद्धा की मशीन कुठं ठेवायची, खिडकीशी की चुलीपासून लांब. आम्ही पाट सरकवून जागा केली. बाईची जखम कोरडी दिसायला लागली होती, निदान मला तसं वाटत होतं. मला वाटायचं असेल तर मी तसं पाहते, हाही माझा एक स्वभाव.

मग तपासणीला बोलावलं. कस्टमचं गोदाम नागपूरच्या बाहेर, त्याला कोरडं बंदर म्हणतात. मी खाडीवरची. बंदर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पाणी, होड्या, सुकटीचा वास. इथं पाणी कुठंच नव्हतं. फुफाट्यात उभे लोखंडी डबे, त्यांच्या सावल्यांत बसलेले हमाल. आमच्या खोक्यांपाशी अधिकारी मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आम्हाला सावलीत उभं राहायला सांगितलं, पाणी विचारलं. मी इतकी घाबरले होते की तहान लागलेली असून नको म्हणाले.

एक खोकं फोडलं. मॅडमनी एक मोटर घेतली, दांडा अंगठ्यानं फिरवला. दांड्यावर दोरीचा बारीक घासा होता. त्यांनी मागचं झाकण उघडायला लावलं. कार्बन बसलेला, आत काजळीची छान काळी कड. मी मनात म्हटलं, काय सुंदर बसलाय. आमच्या वर्कशॉपला अशी मोटर पाहिली की चाचा 'शाबास' म्हणतात.

मॅडम म्हणाल्या, "या वापरलेल्या आहेत."

"नाई नाई मॅडम," चाचा पुढं झाले, "वापरलेल्या नाई. चालवून घेतल्या."

"चालवून?"

"एक एक मोटर! दिवसभर! वरतून लोड टाकून. आमी सांगितलं त्याईले, फुकटात नाई, जास्तीचे पैसे देऊन." त्यांनी खिशातून फोन काढला. "व्हिडिओ हाय, दाखवू का?"

एजंट मागून त्यांचा सदरा ओढत होता. चाचांना कळेना. त्यांना वाटलं, आपण जे सांगतोय ते अजून नीट सांगायला हवं. त्यांनी व्हिडिओ लावला. मॅडमनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे इथे येण्याआधी या मोटरी चालल्या आहेत."

"हो तं!" चाचा म्हणाले. छाती काढून म्हणाले.

मॅडमनी शेजारच्या कारकुनाला ते लिहून घ्यायला सांगितलं. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांच्यापुढं काजळी होती, घासा होता, आणि मालकाचा कबुलीजबाब होता.

बाहेर आल्यावर एजंट उकिडवा बसला. "काका, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं? जुना माल परवान्याशिवाय आणता येत नाही. नवा म्हणून कागद केले आपण. आता त्या म्हणतील जुना माल नवा सांगून आणला."

"जुना कुठी हाय? नवरीले हळद लावली म्हणून ते का जुनी झाली?"

"हळदीचा कायदा वेगळा असते काका, कस्टमचा वेगळा."

चाचांनी गोदामाच्या भिंतीला पाठ लावली. मग मला म्हणाले, "बाईले का सांगशील?"

मी बाईला सांगितलं की थोडा उशीर आहे. मोटरी जुन्या की नव्या हे ठरवायला बाहेरचा इंजिनिअर येणार, तो मोटरी उघडून पाहणार, लिहून देणार, मग वरचे साहेब निर्णय करणार. बाईनं विचारलं, "किती उशीर?" मी म्हटलं, थोडा. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. तिला खोटं लगेच कळतं, पण ती तसं म्हणत नाही.

चाचांचा सगळा पैसा त्या खोक्यांत अडकला होता. वर्कशॉपला काम उरलं नाही. ते मला आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी बोलवायचे. तेही मला वाटतं, मला काहीतरी देता यावं म्हणून. घरात डाळ पातळ होत गेली. बाईच्या औषधातली एक गोळी सरकारी दवाखान्यात मिळायची नाही, ती विकत आणायची. आणि बाईनं उजव्या मांडीवर पुन्हा ओढायला नको म्हणून मी एक केलं. दुपारी तिचा डोळा लागला की मागच्या परसात जाऊन बसायचे, साडी वर घ्यायची आणि ओढायचे. कुणी शिकवलं नव्हतं. इतके दिवस पाहत होते. पहिल्या दिवशी सूत दोरखंडासारखं आलं. हळूहळू बारीक येऊ लागलं. ते मी बाईच्या सुतात मिसळून द्यायचे. आग व्हायची. रात्री साडीचा काठ चिकटायचा.

बाईनं ओळखलं ते सुतावरून नाही. मी चुलीपाशी बसले होते, साडी सावरली, आणि तिला मांडीवरची राख दिसली.

"इकडं ये."

"काय बाई?"

"ये म्हणतो ना."

तिनं खाटेवरून हात लांबवून माझी साडी वर सारली. तळहाताएवढं लाल झालं होतं. मला वाटलं मारेल. मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि भिंतीलाच म्हणाली, "माया घरी येऊन हेच शिकाचं होतं का तुले? मायी मायबी तशीच गेली. मले लेक नाई झाली तवा मी देवाले नारळ फोडला होता, का चला, आपल्या मागं कोणी बसणार नाई असं."

तेव्हा मी पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं. मी मात्र रडले नाही. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. तिनं लेक म्हटलं नव्हतं. पण लेकीच्या जागी माझी मांडी पाहून ती रडत होती.

ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बसली. डावीवर पुरेसं सूत निघेना म्हणून उजवीवर. मला म्हणाली, "मी ओढतो तवर तू नाई ओढणार. कबूल?" मी कबूल म्हटलं. मी हो म्हणायला नको होतं की म्हणायला हवं होतं, हे मला ठरवता येत नाही. चाचांकडं गेले, रडले. त्यांनी एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला इंजिनिअर येऊन गेला, रिपोर्ट वर गेला, साहेब रजेवर आहेत. चाचांनी फोन ठेवला आणि रागानं पाना भिरकावला. तो भिंतीला लागून माझ्या पायाशी आला. मी उचलून जागेवर ठेवला.

जखम खाली उतरली. आधी पोटरी सुजली, मग पाऊल थंड पडलं आणि बोटं काळी झाली. गडचिरोलीहून चंद्रपूरला पाठवलं. चाचांनी गाडी केली आणि स्वतः पुढं बसले. वाटेत घाटाच्या जंगलात बाईला उलटी झाली म्हणून थांबलो, तर बाई म्हणाली, "इकडं ऐन किती माजला हाय पाय. कोसा चांगला येईन यंदा."

मांडीच्या निम्म्यातून पाय कापला. सही मी केली. नात्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून कारकुनानं विचारलं, तर चाचाच म्हणाले, "लेक. लिहा लेक."

मोटरी सुटल्या, पण बाई घरी आल्यानंतर. इंजिनिअरनं लिहून दिलं होतं की या चालवल्या आहेत पण वापरलेल्या नाहीत, कारखान्यानंही तसं कळवलं होतं, आणि साहेबांनी ते मान्य केलं. आधी सांगितलं असतं, कागदात तसं लिहिलं असतं, तर इतकं लांबलं नसतं, असं एजंट म्हणाला. चाचांनी त्याचे आभार मानले. पण त्याच्याकडचा चहा ते प्यायले नाहीत.

पहिली मशीन ते स्वतः घेऊन आले. खिडकीशी केलेल्या जागेवर ठेवली. बाईच्या खाटेकडं पाहायचं टाळत होते. बॅटरीच्या तारा मी जोडल्या. मोटर फिरली. आवाज जवळजवळ नव्हताच.

"बाई," चाचा मोटरीकडंच पाहत म्हणाले, "पहिली तुमची म्हटलं होतं."

"हिले द्या."

"याले मांडी लागत नाई बाई, बसल्या बसल्या होते तुमचं..."

"माहीत हाय ना मले. मायी तं गेली, आता घासतच नाई तं दुसरी कशी जाईन? हिच्या अजून दोन्ही हायत. हिले द्या." मग जरा थांबून म्हणाली, "अन् दुसरी गल्लीच्या त्या टोकाले द्या. तिथी आता पोरगी बसाले लागली. नववीतली हाय."

चाचा मान हलवत राहिले. निघताना मला दारात म्हणाले, "मी हुशारी केली बेटी." मी म्हटलं, नाही चाचा. त्यांनी मला काम दिलं होतं, बाईसाठी गाडी केली होती, दवाखान्यात बापासारखे उभे राहिले होते. अशा माणसाला काय म्हणतात ते मला सातवीपर्यंत कुणी शिकवलं नाही.

आता मी सकाळी वर्कशॉपला जाते, संध्याकाळी मशीनवर बसते. बाई खाटेवरून कोशाची टोकं सोडवून माझ्या हातात देते. सूत चांगलं येतं. मोटर तापत नाही. तिच्या डाव्या मांडीवर, जुन्या चट्ट्याच्या कडेला, गेल्या आठवड्यात एक बारीक चीर दिसली. डॉक्टर म्हणाला, कोरडी ठेवा, रोज पाहा. मी रोज पाहते. कंदिलासारखा मोबाइल जवळ धरून, बोटानं कड दाबून.

"काऊन पाहून राह्यली घडीघडी?" बाई म्हणते. "पळून नाई जात ते."

मी मोबाइल जवळ धरते. पुन्हा एकदा पाहते.